राजीखुशीचा कागद

तो कागद मी लिहिला. हे अगोदर सांगून टाकतो. पुढं मी ज्यांना ज्यांना शिव्या घालणार आहे त्यांच्या रांगेत मीही उभा आहे, हे वाचणाऱ्याला माहीत असलेलं बरं.

२०१९ चा एप्रिल. जयंतीला म्हणून गोदीत आठ दिवस खाडा करून गावी गेलो होतो. धारूर तालुक्यातली आमची वस्ती. आदल्या साली पावसानं दगा दिलेला. विहिरी कोरड्या. टँकर आला की हंड्यांची मारामारी. कारखान्यांचा पट्टा पडला होता आणि ऊसतोडीच्या टोळ्या परत आल्या होत्या. वस्तीवरचे निळे झेंडे अजून उतरले नव्हते. त्यातच दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, बाँडपेपर घेऊन आला. शंभराचा. म्हणाला, "तुजं अक्षर चांगलंय. कविता करतूस न्हवं? येवढं लिहून दे."

दिलं लिहून. 'लिहून देणार' दादा आणि वहिनी. 'लिहून घेणार' ऊसपट्ट्यातला एक माणूस आणि त्याची बायको. कारखान्यावर मुकादमाच्या ओळखीनं झालेली ओळख, तीही चार महिन्यांची. 'राजीखुशीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता, नशापाणी न करता लिहून देतो की, आमची मुलगी वय वर्षे आठ ही आजपासून आपल्या ताब्यात दिली असून तिच्यावर आमचा कसलाही हक्क राहिलेला नाही.' खाली साक्षीदार म्हणून माझी सही. झोकदार. दादाला पंधरा हजार मिळाले. 'आजवरच्या संगोपनाच्या खर्चापोटी' असं त्यात घातलं. तो शब्दही माझाच. कवी ना मी.

पोरीची सही कुणी मागितली नाही. ती दुसरीत होती. तिला नाव लिहायला येत होतं.

आता मागचं सांगतो. ही पोरगी दादाची पोटची नव्हती. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी वहिनीची कूस उजवली नव्हती. २०१३ साली कारखान्यावर शेजारच्या कोपीत आपल्यातलंच एक जोडपं होतं, केज तालुक्यातलं. त्यांना तीन पोरी, पाळण्यात चौथी. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बायको पोरात अडकली की अर्धा कोयता बसला आणि उचल अंगावर चढली. त्यांनी चौथी दादाला दिली. वस्तीवर बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील झालं, पोर वहिनीच्या ओटीत घातली, सगळ्यांनी पेढा खाल्ला. मी नववीत होतो. मला तो दिवस आजही चांगलाच वाटतो. पोरगी लाडात वाढली. दादानं तिला खांद्यावरून उतरू दिलं नाही.

२०१८ साली वहिनीला मुलगा झाला. पोरीच्या पायगुणानं झाला असं सहा महिने म्हणाले. मग दुष्काळ पडला, उचल फिटेना, आणि त्याच पोरीचं तोंड खाणारं तोंड झालं. मी दादाला राक्षस म्हणणार नाही. तो माझा भाऊ आहे आणि पोर गेल्यावर तो दोन दिवस जेवला नाही. पण दिली.

लिहून घेणाऱ्यानं आमची जात विचारली नाही. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला पाहिजे होता. आपल्या देशात लेक म्हणून घरात घेणारा आधी जात विचारतो. शेण काढायला, भांडी घासायला नेणारा विचारत नाही. आम्ही उलट खूश झालो. माणूस पुढारलेला दिसतो म्हणालो.

पहिल्या पावसापर्यंत फोन लागला. मग बंद. दिवाळीनंतर दादा आणि मी त्या पत्त्यावर गेलो तर भाड्याची खोली, कुलूपसुद्धा दुसऱ्याचं. एका ठाण्यात गेलो. ठाण्याचं नाव घेत नाही, सगळीकडं तोच टेबल असतो. हवालदारानं कागद वाचला, दोनदा वाचला, आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमचीच पोर, तुम्हीच दिली, राजीखुशीनं. दिवाणी मामला आहे." माझं अक्षर त्यानं माझ्याच तोंडावर मारलं.

मी मॅट्रिक माणूस. रात्रपाळी करून येतो, खोलीत नऊ जण झोपतात, तिथं बसून कायद्याची मराठी पुस्तकं ओळीखाली बोट ठेवून वाचली. वाचल्यावर डोकं भणभणलं, कारण कायदा नाही असं नाही. कायदा आहे, आणि सत्तर वर्षांपूर्वीच्या माणसांनी त्यात आमच्या पोरीचा विचार केलेला आहे.

हिंदू दत्तक आणि पोटगी कायदा, १९५६. आपण बौद्धही त्यातच येतो. कलम ९ मध्ये मूल दत्तक द्यायचा हक्क आईबापाला दिला आहे, आणि खाली स्पष्टीकरण टाकलं आहे की इथं आई आणि बाप म्हणजे दत्तक आईबाप नव्हेत. म्हणजे ज्यानं एकदा दत्तक घेतलं त्याला ते मूल पुढं दत्तक देताच येत नाही. कलम १५ म्हणतं, रीतसर झालेलं दत्तक कुणालाच मोडता येत नाही, घेणाऱ्याला नाही, देणाऱ्याला नाही, मुलालाही नाही. माझा तो बाँड लिहिण्याआधीच रद्दी होता. हवालदाराला हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. बाँड विकणाऱ्यानं तर काही न विचारता फक्त पैसे मोजून घेतले.

पण मोडता येत नाही म्हणणाऱ्या कायद्यात, मोडणाऱ्याला शिक्षा काय, हे शोधत बसलो. नाही! कलम १७ आहे. दत्तकाच्या बदल्यात पैसा घेतला-दिला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. तोही खटला भरायचा तर आधी राज्य सरकारची किंवा त्यानं नेमलेल्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. वाचून मी हसलो. शेजारी झोपलेला रागावला.

मग दुसरा कायदा, बाल न्याय कायदा, २०१५. त्याचं कलम ८० रीत सोडून दत्तक देणाऱ्या-घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही सांगतं. पण कुठल्या मुलाबाबत? अनाथ, टाकून दिलेल्या किंवा समितीच्या हवाली केलेल्या. आमच्या पोरीला तर आईबापांच्या दोन जोड्या. ती अनाथ कशी? कलम ८१ मूल विकण्या-विकत घेण्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगतं. पण 'संगोपनाच्या खर्चापोटी' ही काय विक्री झाली? आणि कलम ५६ सांगतं की हिंदू दत्तक कायद्याखाली झालेल्या दत्तकाला या कायद्यातलं काही लागू नाही. संस्थेतून, सरकारी रीतीनं मूल गेलं तर दोन वर्षं कुणीतरी घरी येऊन बघतं की पोर जेवते का, शाळेत जाते का. घरच्या घरी दिलेल्या पोरीकडं कुणी कुत्रंही येत नाही.

दादानं ती पोर उकिरड्यावर टाकली असती तर तेव्हाच्या दंड विधानाच्या कलम ३१७ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होती. २०२४ पासून ते न्याय संहितेचं कलम ९३ झालं आहे. त्यानं उकिरड्यावर टाकली नाही. चहा पाजून, नवा झगा घालून, कागद करून अनोळखी माणसाच्या हातात दिली. माणसांच्या तस्करीचं कलम आहे, पण तिथं पिळवणुकीसाठी नेलं हे दाखवावं लागतं, आणि ते दिसेपर्यंत पोर चार गावं पलीकडं गेलेली असते.

आणखी एक गोम. पहिलं दत्तकच आम्ही नोंदवलं नव्हतं. पेढा खाल्ला आणि झालं. नोंदणी केलेला दत्तकपत्राचा कागद असेल तर न्यायालय दत्तक खरं धरून चालतं, तेच कलम १६. आमच्याकडं पेढ्याचा कागद होता. तेव्हा कलम ९ आणि १५ ची ढाल ज्याच्या पेटीत नोंदणीचा कागद आहे त्याच्या लेकराला. कोपीतल्या लेकराला नाही.

मी गोदीत माल उतरवतो. एक कंटेनर फाटकाबाहेर काढायचा तर सीलचा नंबर, टॅली क्लार्कची नोंद, गेटपास, कस्टमचा शिक्का. सील तुटलेलं दिसलं तर डबा बाजूला काढतात आणि साहेब लोक धावत येतात. आत काय असतं? कधी भंगार, कधी चिनी खेळणी. आमच्या जिल्ह्यात पोटातल्या पोरीलासुद्धा कागद आहे. गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीमागं डॉक्टरला फॉर्म एफ भरावा लागतो. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागं ८०७ मुली निघाल्या, महाराष्ट्रात सगळ्यात कमी, आणि २०१२ साली परळीच्या डॉक्टरचं प्रकरण देशभर गाजलं, तेव्हा सरकारला मशिनं मोजायची अक्कल आली. ठीक. पण जी पोरगी पोटातून वाचून बाहेर आली ती हातोहात कुठं जाते हे मोजणारा फॉर्म कुठला?

आमचेच काही मित्र म्हणतात, दत्तक ही वरच्यांची भानगड, आपला काय संबंध. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. या महाराष्ट्रात दत्तकाचा इतिहास म्हणजे गादीचा आणि वतनाचा इतिहास. १८४८ ला इंग्रजानं साताऱ्याचा दत्तक मानला नाही आणि राज्य खालसा केलं. बडोद्याचे सयाजीराव दत्तक, कोल्हापूरचे शाहू महाराजही १८८४ साली दत्तक आलेले. शास्त्रातला दत्तक म्हणजे मुलगाच. पिंड पाडायला आणि सातबारा राखायला. पोरीला दत्तक घेण्याची कुणाला गरज? पोरीला देवाला सोडत. आपल्याच बापजाद्यांनी थोरल्या पोरी खंडोबाला मुरळी म्हणून सोडल्या. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढलं आणि त्या चालीवर तुटून पडले. तेही काय होतं? पोर परक्याच्या हवाली करण्याचाच प्रकार, फक्त लिहून घेणारा देव होता.

आणि दुसरी बाजू बघा. १८६३ साली जोतिबा-सावित्रीनं पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. तिथं आलेल्या एका ब्राह्मण विधवेचं लेकरू त्यांनी आपलं केलं. यशवंत. १८८७ साली जोतिबांनी मृत्युपत्र करून, रीतसर नोंदवून यशवंतला वारस केलं. भाऊबंद उद्या काय करतील हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून कागद. १८९० ला जोतिबा गेले तेव्हा भाऊबंदांनी यशवंतला टिटवं धरू दिलं नाही, तर सावित्रीबाईनं स्वतः धरलं. आम्ही दरसाल त्यांच्या फोटोला हार घालतो. त्यांनी कागद नोंदवला होता हे कुणी भाषणात सांगत नाही.

हिंदू कोड बिल बाबासाहेबांनी मांडलं त्यात दत्तकाचा भाग होता. बिल अडवलं, बाबासाहेबांनी १९५१ साली राजीनामा फेकला. मग तेच बिल तुकडे करून पास केलं. दत्तकाचा तुकडा कायदा झाला २१ डिसेंबर १९५६ ला. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर पंधरा दिवसांनी. मुलगी दत्तक घेता येते हे देशाच्या हिंदू कायद्यात तेव्हा लिहिलं गेलं. म्हणून मी म्हणतो, हा आपला विषय आहे.

हे फक्त बीडच्या दरिद्री वस्तीत घडतं असं कुणी समजू नये. अमेरिकेत २०१३ साली रॉयटर्सच्या बातमीदारानं खणून काढलं की परदेशातून दत्तक आणलेली पोरं नकोशी झाल्यावर आईबाप इंटरनेटवर जाहिरात देऊन अनोळखी लोकांच्या हवाली करतात. एकाच ठिकाणी सरासरी आठवड्याला एक मूल. कागद काय? पॉवर ऑफ अटर्नी, नोटरी केलेली. त्यांचाही बाँडच. फक्त इंग्रजीत. २०१४ साली विस्कॉन्सिन राज्यानं त्याविरुद्ध कायदा केला. २०१५ साली अर्कान्सामध्ये खुद्द एका आमदारानं दत्तक पोरी अशाच दुसऱ्याच्या घरी दिल्याचं बाहेर आलं, मग तिथंही केला. २०२१ साली सगळ्या राज्यांसाठी नमुन्याचा कायदा तयार झाला. आणि मुंबईतून १९८९ साली तिकडं दत्तक गेलेली एक मुलगी घरामागून घर फिरली, तिच्या नागरिकत्वाचा कागद कुणी पुरा केला नाही, आणि २००८ साली अमेरिकेनं तिला उचलून मुंबईत परत टाकलं. तिला इथली भाषा येत नव्हती.

आता खरा आक्षेप. तो मी स्वतःच स्वतःला घेतो. आणखी एक कायदा म्हणजे पोलिसाला आणखी एक हप्ता. आमच्या बाया दर दसऱ्याला पोरं आजीकडं, मावशीकडं, मामाकडं सोडून सहा-सहा महिने कोयत्यावर जातात. उद्या कायदा आला आणि ठाणेदारानं मावशीला उचललं तर? आमची आजी जेलात आणि तो ऊसपट्ट्यातला माणूस मोकळा, असंच होणार, कारण आजीचा पत्ता सापडतो. ही भीती खोटी नाही. त्यासाठीच रेघ स्वच्छ मारली पाहिजे. नात्यातलं माणूस त्यातून बाहेर. अमेरिकेतल्या कायद्यांनीही नातेवाइकांना बाहेर ठेवलं आहे. दत्तक पोर परक्याच्या ताब्यात कायमची द्यायची तर मात्र बालकल्याण समितीपुढं उभं राहिल्याशिवाय देता येणार नाही. पैसा घेतला की नाही हा प्रश्नच नको. नुसतं देणं हाच गुन्हा. आणि त्यात आधी पकडा घेणाऱ्याला आणि मधल्याला. मुकादम, कागद लिहिणारा, नोटरी. होय, कागद लिहिणारा. मला शिक्षा झाली असती तर मी पुढच्या माणसाला लिहून दिला नसता, आणि वस्तीत ते सगळ्यांना कळलं असतं.

पण नुसता दंडुका घेऊन उभं राहिलात तर लोक कागदही करायचे नाहीत, अंधारात देतील. दादासारख्या माणसाला बेडीची भीती न घालता 'आता झेपत नाही' म्हणायची जागा पाहिजे. जन्मदात्या आईबापाला कायद्यानं तशी जागा ठेवली आहे. समितीपुढं मूल हवाली करता येतं आणि फेरविचाराला साठ दिवस मिळतात. समिती महिन्याला निदान वीस दिवस बसली पाहिजे असं लिहिलं आहे. पण ती बसते जिल्ह्याच्या गावी. धारूरहून जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं. आणि गेल्यावर दारावरचा शिपाई विचारतो, अर्ज आणलाय का. हंगाम संपून टोळ्या परत येतात तेव्हा महिन्यातून एकदा ती समिती तालुक्याला येऊन बसली तर काय बिघडेल? घरगुती दत्तकाची नोंद ग्रामसेवकाकडं जन्ममृत्यूच्या वहीशेजारी फुकट झाली तर काय आभाळ कोसळेल? साध्या गोष्टी आहेत. शंभराचा बाँड आता चालत नाही, २०२४ पासून पाचशेचा लागतो. भाव तेवढा वाढवला.

पोरीचं काय झालं ते राहिलं. २०२१ साली दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका रेल्वे स्टेशनावर पोलीस बाईला ती सापडली. लिहून घेणाऱ्याच्या घरी एक पावसाळा, मग त्याच्या पाहुण्याकडं, तिथून एका खानावळवाल्याकडं. त्या पुढच्या हातांना कागदही लागला नाही. समितीनं विचारलं, तुझे आईबाप कोण? ती म्हणाली, "कुठले?" तिला बालगृहात ठेवलं. समितीची परवानगी काढून मी भेटायला गेलो. दादा आला नाही, फाटकापर्यंत येऊन मागं वळला.

ती बारा वर्षांची झाली होती. बिस्किटाचा पुडा घेतला नाही. म्हणाली, "काका, तो कागद तूच लिहिलास न्हवं? मी बघत व्हते."

हो म्हणालो.

"त्यात माजं नाव व्हतं का?"

मी आठवून बघितलं. आमची मुलगी, वय वर्षे आठ.

नव्हतं, म्हणालो.